चिकूचं माहेर

आईला मेरिदाला न्यायचं ठरवलं त्यामागे फार काही विचार नव्हता. ह्यूस्टनहून विमान जेमतेम दोन तासांचं, अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, आणि सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आलेली बाई चौथ्या महिन्यात खिडकीतून पार्किंगकडे बघत बसायला लागली होती. कानकून म्हणजे समुद्र, आणि घोलवडच्या बाईला समुद्र काय दाखवायचा. म्हणून मेरिदा. युकातान राज्याची राजधानी, जुनं स्पॅनिश शहर, आजूबाजूला माया लोकांची पडकी देवळं, मार्च महिना, चार दिवस, आम्ही दोघीच.

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि आई म्हणाली, "हां, हे ऊन ओळखीचं आहे."

उतरलो ते जुन्या वस्तीतल्या एका घरात. रस्त्यावरून बघाल तर एक दार, एक गजांची खिडकी आणि उडालेला गुलाबी रंग, बस. आत शिरलं की खोलीमागे खोली, मग अंगण, मग परत खोली, छत इतकं उंच की पंखा लांब दांडीवर लोंबतोय. आमच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये लोखंडी कड्या होत्या. आईने हात लावून बघितल्या. "पाळण्याच्या?" मी म्हटलं असतील. नंतर कळलं, झोळीच्या. युकातानमध्ये खूप लोक अजून पलंगावर झोपत नाहीत, दोऱ्याच्या विणलेल्या झोळीत झोपतात, पाहुणा आला की अजून एक झोळी टांगायची, सकाळी गुंडाळून ठेवायची.

मी बॅगा उघडत होते आणि आई अंगणात गेली ती आलीच नाही. बघते तर एका झाडाखाली उभी. तिने पान तोडलं होतं, देठाला पांढरा चीक आला होता आणि ती तो बोटांवर चोळून बघत होती. "अगं, चिकू आहे हा."

मी म्हणाले, असेल.

"असेल काय? पन्नास वर्षं चिकूच्या झाडाखाली गेली माझी."

घरमालकीण कॉफी घेऊन आली, साठीची असेल. आईने झाडाकडे बोट केलं आणि म्हणाली, "चिकू!" ती बाई हसून म्हणाली, "सी, चिकोसापोते." झालं. पुढचे चार दिवस त्या दोघींमध्ये माझी गरज उरली नाही.

आता एक कबुली. मी चिकूच्या वाडीत वाढलेय, बाबांची तीन एकरांची वाडी, कालीपत्ती चिकू, डहाणू-घोलवडच्या चिकूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा व्हॉट्सअॅप ग्रुपवर आम्ही सगळ्यांनी छाती फुगवून घेतली होती. चिकू आपला. बाबा तर सांगायचे की चीक असतो म्हणून नाव चिकू, मराठी शब्द आहे सरळ. आणि हे झाड मुळात इथलं, या युकातानच्या चुनखडीच्या जंगलातलं. स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्सला नेलं आणि फिरत फिरत ते आपल्या किनाऱ्याला लागलं. नावही इकडूनच आलं, मध्य मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून. त्या भाषेत 'त्सिक्तली' म्हणजे चिकट डिंक, ज्याचा पुढे च्युइंगगम झाला, तो याच झाडाचा चीक. म्हणजे बाबांचं म्हणणं चुकीचंच होतं पण अर्थ मात्र तंतोतंत बरोबर, असा योगायोग मी दुसरा पाहिला नाही. आणि माया लोक याचं लाकूडही वापरायचे. ग्वातेमालातल्या टिकालच्या देवळांमध्ये दारांवर चिकूच्या लाकडाच्या कोरीव पट्ट्या होत्या, बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या, त्यातल्या काही आज युरोपातल्या म्युझियममध्ये आहेत. दगडाच्या कमानीचा भार आणि तिथला पाऊस झेलून लाकूड शाबूत राहिलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग? चिकूचं लाकूड कुऱ्हाडीला दाद देत नाही. तुझ्या बाबांनी एकदा वठलेलं झाड तोडायला माणसं लावली होती, दोन दिवस गेले."

दुसऱ्या दिवशी शहर. मेरिदामध्ये बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, उत्तर-दक्षिण रस्ते सम आणि पूर्व-पश्चिम विषम, त्यामुळे पत्ता म्हणजे गणितच. ६१ आणि ६० जिथे भेटतात तिथे मोठा चौक, प्लाझा ग्रांदे, जुनी झाडं, आणि पांढऱ्या सिमेंटच्या जोडखुर्च्या, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या, म्हणजे दोघं बसली की तोंडं समोरासमोर पण अंग लागत नाही. गोष्ट अशी सांगतात की एका बापाला मुलीने एका मुलाशेजारी बसलेलं चालेना म्हणून त्याने अशी खुर्ची बनवून घेतली. आईला हे फार पटलं. (माझ्या लग्नाआधीच्या एका प्रकरणाचा उल्लेख इथे झाला, तो मी गाळतेय.)

चौकाच्या पूर्वेला कॅथेड्रल, १५९८ ला पूर्ण झालं, अमेरिका खंडाच्या मुख्य भूमीवरच्या सगळ्यात जुन्या कॅथेड्रलांपैकी एक. बाहेरून किल्ल्यासारखं, आतून जवळजवळ रिकामं, कारण १९१५ मध्ये मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत जमावाने आतलं सगळं सोनेरी काम जाळून टाकलं. मला ते रिकामंच बरं वाटलं. नुसता दगड दिसतो, आणि हा दगड दुसऱ्याचा आहे. ६ जानेवारी १५४२ ला फ्रान्सिस्को दे मोंतेखोने हे शहर 'वसवलं', पण इथे आधीच तिहो नावाचं माया लोकांचं गाव होतं, मोठाले चौथरे आणि त्यावर देवळं. स्पॅनिश लोकांना ते बघून स्पेनमधल्या मेरिदा शहरातले रोमन अवशेष आठवले, म्हणून नावही तेच ठेवलं. आणि मग एकेक चौथरा उतरवून त्याच दगडांची चर्चं आणि घरं बांधली. राबणारे हातही माया लोकांचेच.

मोंतेखो घराण्याचं घर चौकाच्या दक्षिणेला आहे, दारावर १५४९ साल. (बाप फ्रान्सिस्को, मुलगा फ्रान्सिस्को, पुतण्याही फ्रान्सिस्को, तिघंही युकातान जिंकायच्या मोहिमेत, जेवायला हाक मारताना काय करत असतील देव जाणे.) आत आता एका बँकेचं म्युझियम आहे, पण बघायचा तो दर्शनी भाग. दाराच्या वर दोन्ही बाजूंना भाला-परशू घेतलेले दोन स्पॅनिश सैनिक कोरलेत आणि त्यांच्या पायांखाली डोकी आहेत, तोंड वासलेली. सगळे गाइड सांगतात की ती माया लोकांची. आई बराच वेळ मान वर करून बघत होती. मग म्हणाली, "घराच्या दारावर कोण करून घेतं असं? येता-जाता दिसणार रोज."

मला वसईचा किल्ला आठवत होता. तिथे पोर्तुगीजांचं अख्खं शहर पडलंय, चर्चच्या भिंतींतून पिंपळ उगवलेत, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला तेव्हापासून ते जगाच्या दृष्टीने संपलं आणि शाळेच्या सहली तिथे डबे खातात. इथे जिंकणाऱ्याचं शहर तसंच उभं आहे, त्याच्या बाल्कनीत लोक आइस्क्रीम खातायत, आणि पडलेलं शहर त्याच्या भिंतींच्या आत आहे. आमच्यासारख्या टुरिस्टला ते दिसतही नाही, सांगावं लागतं.

समोरच्या हिरव्या राजवाड्यात, म्हणजे सरकारी कचेरीत, फेर्नांदो कास्त्रो पाचेको या चित्रकाराची भिंतभर चित्रं आहेत, १९७० च्या दशकातली, फुकट बघता येतात आणि कॅथेड्रलपेक्षा मला तीच जास्त आवडली. एक हासिंतो कानेक या माया पुढाऱ्याचं आहे, १७६१ मध्ये बंड केलं म्हणून याला इथेच या चौकात हालहाल करून मारलं. एक चित्र नुसत्या हातांचं आहे, मोठे, सुजल्यासारखे हात, आणि काटेरी पानं. आई त्यापाशी थांबली. "ही घायपात आहे का गं?"

हो, घायपातच, निदान तिची सख्खी बहीण. इथे एनेकेन म्हणतात. आपल्याकडे बांधाला कुंपण म्हणून लावतात तिच्याच कुळातली. इथलं सिसाल नावाचं एक छोटं बंदर आहे, तिथून या पानांचा दोर जगभर जायचा, म्हणून त्या दोराला सिसल म्हणायला लागले. मी आईला म्हटलं, उद्या ते बघायला जायचंय.

पण आधी इसामालला गेलो, मेरिदाच्या पूर्वेला सत्तरेक किलोमीटर. हे गाव पिवळं आहे. एखादी भिंत वगैरे नव्हे, सगळंच, चर्च, दुकानं, पोलीस चौकी, सगळं हळदीच्या पिवळ्या रंगाचं, आणि १९९३ मध्ये पोप येणार होते तेव्हा हे असं रंगवलं असं सांगतात. आईने गाडीतून उतरताच हात जोडले. "जेजुरी!" आणि चढण पण आहे, कारण मधला मठ एका माया देवळाच्या चौथऱ्यावर बांधलाय, देऊळ पाडलं आणि त्याच उंचीवर मठ चढवला. मठाबाहेर दिएगो दे लांदाचा पुतळा आहे. या पाद्र्याने १२ जुलै १५६२ ला मानी गावात माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या गोळा करून जाळल्या. पोथ्या जळताना लोकांना फार दुःख झालं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, थोडं आश्चर्य वाटल्यासारखं. आज जगात माया लिपीतल्या चारच पोथ्या शिल्लक आहेत. आणि गंमत बघा, गंमत तरी कसं म्हणायचं, याच माणसाने माया लोकांबद्दल जे टिपण केलं त्यात त्यांच्या अक्षरांची एक मोडकीतोडकी यादी होती, आणि त्या यादीवरून १९५२ मध्ये लेनिनग्राडमध्ये बसून युरी क्नोरोझोव्ह या संशोधकाने ती लिपी वाचायची वाट शोधून काढली.

लिपी गेली तरी भाषा गेली नाही. युकातानी माया बोलणारी सात-आठ लाख माणसं आहेत, आमचा ड्रायव्हरच त्यातला. फोनवर स्वतःच्या आईशी मायामध्ये बोलत होता, शब्द मधेच घशात अडवून सोडल्यासारखे. मला 'माया लोक अचानक कुठे गायब झाले' टाइपचे व्हिडिओ आठवले आणि लाज वाटली, कारण गायब झालेला माणूस समोर बसून गाडी चालवत होता आणि त्याला ट्रॅफिकचं टेन्शन होतं. त्याने एक वाक्य शिकवलं, 'बिश अ बेल?' म्हणजे कसं काय, पण शब्दशः, तुझी वाट कशी आहे. उत्तर, 'मालोब', बरी आहे. आईने ते पाठ केलं आणि पुढे वेटरपासून पोलिसापर्यंत सगळ्यांना विचारलं.

तिसऱ्या दिवशी हासिएंदा. म्हणजे एनेकेनची जुनी जहागीर, मालकाचा बंगला, कारखाना, उंच धुराडं, मजुरांच्या झोपड्या, दुकान, तुरुंगाची खोली, सगळं एकाच आवारात. आता टुरिस्टसाठी चालू ठेवलेलं. खेचराने ओढायची छोटीशी ट्रॉली आहे, अरुंद रुळांवरून हलत हलत शेतात नेतात. दोन्ही बाजूंना घायपातच घायपात, रांगेत. आई पदर डोक्यावर घेऊन बसली होती आणि खेचराच्या अंगावरच्या माश्यांबद्दल काळजी करत होती.

शेतात एका म्हाताऱ्याने पान कापून दाखवलं. आधी कडेचे काटे दोन फटक्यांत साफ, मग टोकाचा काटा, मग बुडातून एक घाव. अशा पन्नास पानांचा एक भारा. मग कारखान्यात ते पान मशीनमध्ये जातं, हिरवा लगदा खाली पडतो, घाण वास येतो, आणि पलीकडून पांढरे धागे निघतात, ते उन्हात तारांवर टाकायचे. अमेरिकेत गहू कापून पेंढ्या बांधायची यंत्रं आली, त्यांना दोर लागायला लागला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या काटेरी पानाला हिरवं सोनं म्हणायला लागले. मेरिदाला पासेओ दे मोंतेखो नावाचा रुंद रस्ता आहे, दोन्ही बाजूंना फ्रेंच थाटाचे महाल, ते सगळे या पानाचे. माणसं कमी पडली तर मेक्सिकोच्या उत्तरेतून याकी आदिवासींना हद्दपार करून आणलं, १९०५ मध्ये कोरियातून हजारेक लोक आणले.

म्हातारा बसला, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि मूठभर धागे मांडीवर ठेवून तळहाताने पुढे लोटले, मागे ओढले, पुढे लोटले, आणि बघता बघता दोरी झाली. सगळ्यांनी फोटो काढले. आई उठली, त्याच्यासमोर मांडी घालून बसली, धागे मागितले, साडी घोट्यावर जरा सारखी केली, हाताला थुंकी लावली आणि वळायला लागली. तीच चाल, पुढे-मागे, मधेच दोन पदर वेगळे धरून उलटा पीळ. हातभर दोरी केली. म्हाताऱ्याने ती ओढून बघितली आणि काहीतरी म्हणाला, ते मायामध्ये होतं, कोणीच भाषांतर केलं नाही.

मी आईला असं करताना जन्मात पाहिलं नव्हतं. विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, "होता एक आमच्याकडे." आणि गप्प.

मग गाइडने आम्हाला दुकानात नेलं. मजुराला पगार म्हणून हासिएंदाचं स्वतःचं नाणं मिळायचं, ते फक्त याच दुकानात चालायचं. आणि हिशोबाच्या दोन बाजू असायच्या. 'चिचान क्वेंता', छोटं खातं, म्हणजे रोजचं मीठ-मका-कापड. आणि 'नोहोच क्वेंता', मोठं खातं. हे मोठं खातं बहुतेकांचं लग्नात उघडायचं. पोरगा वयात आला की मालक लग्नाचा खर्च द्यायचा, आणि ते पैसे काही फिटायचे नाहीत, फिटेपर्यंत जहागीर सोडता यायची नाही, म्हणजे कधीच नाही. मी हे आईला मराठीत सांगत होते. मधेच तिने मला थांबवलं.

"म्हणजे लग्नगडी," ती म्हणाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, डहाणू-तलासरी-उंबरगाव पट्ट्यात हा शब्द होता. वारली माणूस लग्नासाठी जमीनमालकाकडून पैसे घ्यायचा आणि मग तो आणि त्याची बायको मालकाकडे राबायचे, कधी कधी आयुष्यभर. १९४५ च्या वारल्यांच्या उठावात, किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर होते तेव्हा, वेठ आणि लग्नगडी बंद करा हीच मागणी होती. युकातानमध्ये ही कर्जं क्रांतीच्या काळात १९१४-१५ च्या सुमाराला रद्द झाली, आणि १९३७ मध्ये कार्देनास राष्ट्राध्यक्षांनी या जहागिरींची जमीन वाटून टाकली. मी हे सगळं वाचलेलं होतं, दोन्हीकडचं. कधी एकाशेजारी एक ठेवलं नव्हतं.

परतीच्या गाडीत आईने सांगितलं, तेही खिडकीकडे बघत. तिच्या माहेरी, तिच्या आजोबांकडे एक म्हातारा होता. गोठ्यामागे राहायचा. ती सात-आठ वर्षांची, म्हणजे १९६५ च्या आसपास. कायदे होऊन गेले होते, त्याला कोणी धरून ठेवलेलं नव्हतं, पण तो गेला नव्हता. त्याची बायको तिथेच वारली होती. त्याला चहा वेगळ्या कपातून मिळायचा, तो कप कुंपणाच्या खांबावर उलटा ठेवलेला असायचा. त्याने आईला घायपात दगडावर कुटायला आणि मांडीवर दोरी वळायला शिकवलं. "आजोबांच्या वहीत त्याचं पान होतं," आई म्हणाली. "मी बघितलंय. लग्नाचे रुपये आणि त्याच्याखाली नुसती वर्षं लिहिलेली. किती रुपये ते नाही आठवत."

नाव काय होतं त्याचं, मी विचारलं.

"आम्ही गडीच म्हणायचो," आई म्हणाली. बऱ्याच वेळाने परत म्हणाली, "नाव असेलच ना."

त्या संध्याकाळी पासेओ दे मोंतेखोवरून चालत घरी आलो. महाल दिव्यांनी उजळले होते, सुंदर दिसतात हे नाकारून काय उपयोग, मी फोटोही काढले. मोंतेखो बापलेकांचा पुतळा आहे रस्त्याच्या टोकाला. आई एकाही बंगल्यासमोर थांबली नाही, पाय दुखतायत म्हणाली.

शेवटच्या दिवशी बाजार. लुकास दे गाल्वेस मार्केट, मासळीपासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत सगळं, आणि गंमत म्हणजे ही जागाही तिहोच्या एका मोठ्या चौथऱ्याचीच, आधी त्यावर मठ झाला, मग भोवती किल्ला, मग तेही पाडलं. आत वाटणांची गल्ली आहे, लाल आणि काळ्या वाटणाचे ढीग, लाल म्हणजे शेंदरीच्या बियांचं, मिरं, जिरं, लसूण घालून. ते डुकराच्या मांसाला चोळून, कडू संत्र्याचा रस घालून, केळीच्या पानात गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर भाजतात, कोचिनिता पिबिल. आई म्हणाली ही तर आपली उकडहंडी, फक्त मडकं विसरलेत. तिने दोनदा घेऊन खाल्लं. केळीचं पान आणि ते संत्रं आपल्या बाजूने इथे आलं आणि शेंदरी, मिरची, पेरू, पपई इथून तिकडे, त्यामुळे कोणाचं काय यावर मी तरी आता भांडणार नाही.

फळवालीने जमिनीवर मांडलं होतं, पांढरा झगा, गळ्याभोवती भरतकाम, वेणी. चिकूचा छोटा ढीग. आईने एक उचलला, वरची माती अंगठ्याने पुसली आणि नखाने अगदी हलकं खरवडून बघितलं. हिरवं दिसलं की कच्चा, पिवळसर दिसलं की तयार. फळवालीने तिच्याकडे बघितलं, ढिगातून दुसरा काढला, तसंच नखाने खरवडलं, पिवळं दाखवलं आणि म्हणाली, "या'."

आई माझ्याकडे वळली. "बघ, या म्हणतेय. चल, बसू."

मायामध्ये चिकूला 'या' म्हणतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आई तोपर्यंत उकिडवी बसली होती आणि निवडायला सुरुवात झाली होती. सहा घेतले. विमानात फळं नेता येत नाहीत, म्हणून चार तिथेच चौकातल्या जोडखुर्चीवर बसून खाल्ले, हातभर चिकट होऊन. उरलेले दोन कडक होते. आईने ते घरमालकिणीला दिले आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेव असं खुणेने सांगितलं. तिच्याकडे तांदळाचा डबा नव्हता, मक्याचा होता. त्यात पुरले.